सतरावा क्रमांक

१९८३ साली मी बँकेत लागलो तेव्हा पहिली नेमणूक मुंबईत, फोर्टातल्या एका शाखेत मिळाली. बोरीबंदरला लोकलमधून उतरायचे, डब्याची पिशवी सांभाळत रस्ता ओलांडायचा आणि महापालिकेच्या दगडी इमारतीवरून पुढे जायचे, हा रोजचा क्रम. त्या इमारतीपुढे फिरोजशहा मेहतांचा पुतळा उभा आहे. त्यांच्याविषयी माझे ज्ञान शाळेच्या पुस्तकातल्या दोन ओळींपुरते होते : काँग्रेसचे मवाळ पुढारी आणि लोकमान्य टिळकांचे विरोधक. मवाळ म्हणजे जरा कमी प्रतीचा देशभक्त, अशी त्या वयातली आमची समजूत. अशा माणसाचा पुतळा महापालिकेच्या दारात कशासाठी, हा प्रश्न तेव्हा पडला नाही. तो पडला बारा वर्षांनी, आपल्या गावात.

१९९५ साली आपल्याकडे, म्हणजे तेव्हाच्या औरंगाबादेत, महापालिकेची दुसरी निवडणूक झाली. बँकवाल्यांना निवडणुकीची ड्यूटी सहसा चुकत नाही. माझी मतमोजणीच्या टेबलावर लागली होती. त्या वॉर्डाचे नगरसेवक पुन्हा उभे होते आणि थोड्या मतांनी पडले. त्यांनी आकडा उतरवून घेतला, आम्हाला नमस्कार केला आणि निघून गेले. दुसऱ्या दिवशी शाखेत जातो तो हे गृहस्थ काउंटरवर हजर! वॉर्डातल्या एका म्हातारीचे पेन्शनचे कागद घेऊन आले होते. आता तुम्ही कशाला, असे मी सहज विचारले. कागद निवडणुकीच्या आधीपासून आपल्याकडे राहिले आहेत, एवढेच ते म्हणाले.

नगरसेवकपणाला इतके चिकटून राहणारा माणूस मी पहिल्यांदाच पाहिला होता. पुढे ग्रंथालयात मेहतांचे चरित्र हाती लागले आणि असाच दुसरा माणूस भेटला.

फिरोजशहांचा जन्म ४ ऑगस्ट १८४५ चा, मुंबईतल्या पारशी व्यापारी घराण्यातला. एल्फिन्स्टन कॉलेजातून पदवी घेऊन ते विलायतेला गेले. तिथे दादाभाई नौरोजींचा सहवास लाभला. १८६८ साली बॅरिस्टर होऊन ते परतले, तेव्हा मुंबईचा कारभार आर्थर क्रॉफर्ड या म्युनिसिपल कमिशनरच्या हाती होता. माणूस मोठा धडाडीचा. रस्ते, गटारे, मंडई अशी कामे त्याने झपाट्याने केली. आजची महात्मा जोतिबा फुले मंडई त्याच्याच काळातली. पण खर्चाला धरबंध राहिला नाही. देखरेख करायची ती जस्टिस ऑफ द पीस मंडळींनी, म्हणजे सरकारने नेमलेल्या प्रतिष्ठितांनी. ती नावालाच होती. तिजोरी रिकामी झाली, कर वाढले आणि १८७१ साली करदाते खवळले. कमिशनर हटवा, ही एकच ओरड सुरू झाली.

त्या वर्षी फ्रामजी कावसजी इन्स्टिट्यूटमध्ये सव्वीस वर्षांचे मेहता उभे राहिले आणि त्यांनी गावाला न रुचणारी गोष्ट सांगितली. दोष क्रॉफर्डचा नाही, व्यवस्थेचा आहे, असे त्यांचे म्हणणे होते. काम करायला अधिकारी एकच हवा आणि त्याच्या हाती जोरही हवा. पण त्याला हिशेब विचारायला लोकांनी निवडलेले सभासद हवेत. ते नसतील तर उद्या दुसरा अधिकारी येईल आणि पुन्हा हेच होईल. श्रोत्यांना हे पटले नाही. मला मात्र त्यात बँकेचा पहिला धडा दिसला. रोकड सांभाळणारा आणि वही तपासणारा हे एकच असून चालत नाहीत. मग तो कॅशिअर कितीही सचोटीचा असो.

१८७२ चा कायदा बराचसा याच दिशेने गेला. चौसष्ट सभासदांपैकी निम्मे करदात्यांनी निवडायचे ठरले. मेहता पहिल्यापासून सभागृहात आले. पुढे १८८८ चा मुंबई महापालिका कायदा घडत होता तेव्हा काशिनाथ त्र्यंबक तेलंगांबरोबर ते कायदेमंडळात होते. विधेयकातले कमिशनरचे पारडे फार जड झाले होते. दोघांनी कलमाकलमावर भांडून ते सारखे करून घेतले. मुंबईचा कारभार आजही त्याच कायद्याने चालतो. आपल्या महापालिकेला लागू असलेला १९४९ चा कायदाही त्याच वळणाचा आहे : वर सर्वसाधारण सभा, मध्ये स्थायी समिती आणि अंमलबजावणीला सरकारने नेमलेला आयुक्त.

मेहतांना मोठी पदे मिळाली नाहीत असे नाही. १८९० च्या कलकत्ता काँग्रेसचे ते अध्यक्ष होते. व्हाइसरॉयच्या कायदेमंडळात त्यांनी अंदाजपत्रकावर सरकारला धारेवर धरले. १९०१ साली जमीनमहसुलाच्या विधेयकाच्या निषेधार्थ मुंबई कायदेमंडळातून सभात्याग केला. १९०४ साली ‘सर’ झाले. पण कुठूनही ते महापालिकेत परत येत. १८८४ आणि १८८५ साली ते तिचे अध्यक्ष होते, १९०५ साली पुन्हा झाले. शहराच्या पोलिसांचा खर्च सरकारने का उचलू नये, यावर त्यांनी वर्षानुवर्षे झगडा केला. असले विषय व्याख्यानांत टाळ्या मिळवून देत नाहीत. शहर मात्र त्यांच्यावरच चालते.

मग १९०७ साल उजाडले. सभागृहातल्या मेहतांच्या वर्चस्वाला कंटाळलेली मंडळी एकत्र आली. अकाउंटंट जनरल हॅरिसन पुढे होते. पोलिस कमिशनर गेल आणि टाइम्स ऑफ इंडियाचे संपादक लोव्हॅट फ्रेझर त्यांच्या जोडीला होते. हा गट ‘कॉकस’ म्हणून ओळखला गेला. मेहता ज्या मतदारसंघातून निवडून येत तो जस्टिस मंडळींचा होता. जागा सोळा. कॉकसने आपली सोळा नावांची यादी काढली आणि मते गोळा करायला जोर लावला. अधिकारीच प्रचाराला उतरल्यावर त्यांच्या शब्दाला वजन येणारच. निकाल लागला. मेहतांचा क्रमांक सतरावा!

चौतीस वर्षे ज्या सभागृहात घालवली त्याच्या उंबऱ्यावर एकसष्टाव्या वर्षी अडवले जाणे कसे असेल, याची कल्पना मी आज करू शकतो. शहरात संतापाची लाट उठली. त्यांचे विरोधकही हळहळले. पुढे निवडून आलेल्या सोळांपैकी एकाची निवड रद्द ठरली आणि सतरावे मेहता आत आले. कॉकसचा जोर ओसरला, ते मात्र अखेरपर्यंत सभासद राहिले. ५ नोव्हेंबर १९१५ रोजी त्यांचे निधन झाले.

या कथेत मेहता निर्दोष आहेत, असे मी म्हणणार नाही. एकट्याचे राज्य चालते हा आरोप अगदीच खोटा नव्हता. त्यांच्यापुढे बोलायला भलेभले कचरत. दुसरी गोष्ट मला अधिक खुपते. करदात्यांच्या मताचा आग्रह धरणारा हा पुढारी स्वतः मूठभर नेमलेल्या प्रतिष्ठितांच्या मतांवर निवडून येत होता. मतदार थोडे आणि त्यांत सरकारी माणसे बरीच. म्हणून तर त्यांना पाडणे शक्य झाले. दार रुंद करा असे १८७१ साली त्यांनीच सांगितले होते आणि १९०७ साली तेच अरुंद दारात अडकले.

१९११ साली सोराबजी पोचखानवालांनी सेंट्रल बँक काढली तेव्हा तिचे पहिले अध्यक्ष मेहता झाले. बँकवाला म्हणून मला याचे अप्रूप वाटते. हिशेब विचारणारा माणूस लोकांना ठेवी ठेवायच्या ठिकाणीही हवासा वाटला.

आपल्या महापालिकेच्या २०१५ साली निवडून आलेल्या सभागृहाची मुदत एप्रिल २०२० मध्ये संपली. करोनाचे दिवस होते, निवडणूक लांबली आणि पुढची काही वर्षे प्रशासकांनी कारभार पाहिला. त्या काळात बाकावरच्या आम्हा निवृत्तांत एक मत वारंवार ऐकू येई : नगरसेवक नाहीत तेच बरे, कामे तरी होतात. अशा वेळी मला क्रॉफर्ड आठवे. त्याच्याही काळात कामे होतच होती. प्रश्न कामांचा नव्हता, काम कोणासाठी आणि कोणाच्या पैशाने हे विचारण्याच्या हक्काचा होता.

ते पडलेले नगरसेवक आता हयात नाहीत. त्या म्हातारीचे पेन्शन दोन महिन्यांनी सुरू झाले. त्या दिवशी ते तिला घेऊन शाखेत आले, तिचा अंगठा घेतला जाईपर्यंत थांबले आणि मग चहा न घेताच गेले. आणखी दोन जणांचे कागद व्हायचे होते.