इंजिनाची ठकठक

राळेगावच्या पंपावर मोटरसायकलच्या टाकीत पेट्रोल भरताना तुम्ही पाहिले असेल. ते निव्वळ पेट्रोल नसते. त्यात इथेनॉल, म्हणजे ऊस, मका किंवा तांदूळ यांपासून तयार केलेले अल्कोहोल मिसळलेले असते. ही युक्ती आजची आहे असे तुम्हाला वाटेल. पण शंभर वर्षांपूर्वी एका माणसाने असे मिश्रण टाकीत भरून मोटार चालवली होती. त्याचे नाव थॉमस मिजली.

मिजली यांचा जन्म १८८९ साली अमेरिकेतील बीव्हर फॉल्स या गावी झाला. १९११ मध्ये ते इंजिनिअर झाले. पुढे १९१६ पासून ते डेटन शहरात चार्ल्स केटरिंग यांच्या हाताखाली काम करू लागले.

त्या काळच्या मोटारींना एक खोड होती. चढ आला किंवा ओझे वाढले, की इंजिनातून ठकठक असा आवाज येई. आत पेट्रोल नीट न जळता एकदम भडकत असे. त्यामुळे इंजिनाची शक्ती वाया जाई आणि त्याचे भागही खराब होत. यावर उपाय शोधण्याचे काम मिजली यांच्याकडे आले. त्यांनी पेट्रोलमध्ये किती पदार्थ मिसळून पाहिले! आयोडीनही सोडले नाही. अल्कोहोलने ठकठक थांबते, हे त्यांना चांगले ठाऊक होते. १९२१ च्या ऑक्टोबरमध्ये पेट्रोलमध्ये ३० टक्के अल्कोहोल घालून त्यांनी डेटनहून इंडियानापोलिसपर्यंत मोटार नेली.

मग अल्कोहोलच का वापरले नाही? ते पुष्कळ घालावे लागे. शिवाय ते कुणालाही शेतमालापासून बनवता येई, म्हणून त्यावर एकाच कंपनीचा हक्क राहणे कठीण होते. त्याच वर्षी ९ डिसेंबरला मिजली यांना शिशाचे एक द्रव्य सापडले. ते अगदी थोडेसे घातले तरी आवाज बंद! १९२३ मध्ये ते पेट्रोल 'एथिल' या नावाने बाजारात आले. नावात शिशाचा पत्ताच नव्हता.

शिसे विषारी असते, हे तेव्हाही लोकांना माहीत होते. खुद्द मिजली यांना १९२३ मध्ये त्याची बाधा झाली आणि विश्रांतीसाठी कामातून रजा घ्यावी लागली. १९२४ च्या ऑक्टोबरमध्ये न्यू जर्सीत हे द्रव्य तयार करणारे पाच मजूर भ्रमिष्ट होऊन मरण पावले. तरीही त्याच महिन्यात मिजली यांनी वार्ताहरांसमोर ते द्रव्य हातावर ओतून घेतले आणि सुमारे एक मिनिट त्याचा वास घेतला. याला हिंमत म्हणावे का? स्वतः त्याच विषाने आजारी पडलेल्या माणसाने लोकांना निर्धास्त करावे, हे मनाला पटत नाही.

मिजली यांना अनेक मानसन्मान मिळाले. १९४० मध्ये पोलिओने त्यांचे पाय गेले. अंथरुणातून उठता यावे म्हणून त्यांनी दोऱ्या आणि कप्प्यांचे एक साधन तयार केले. १९४४ साली त्याच दोऱ्यांत अडकून त्यांचा मृत्यू झाला.

शिशाचा धूर मात्र जगभर पसरत राहिला. तो लहान मुलांच्या मेंदूला विशेष अपाय करतो. भारतात शिसेयुक्त पेट्रोल २००० साली बंद झाले. मोटारींसाठी ते विकणारा शेवटचा देश अल्जीरिया होता. तिथे ते २०२१ मध्ये थांबले.