आल्डो लिओपोल्ड

आल्डो लिओपोल्ड (११ जानेवारी, १८८७ : बर्लिंग्टन, आयोवा, अमेरिका - २१ एप्रिल, १९४८ : सॉक काउंटी, विस्कॉन्सिन, अमेरिका) हे अमेरिकन वनाधिकारी, प्राध्यापक, लेखक आणि शिकारी होते. वन्यजीव व्यवस्थापन या अभ्यासशाखेचे ते जनक मानले जातात. त्यांच्या निधनानंतर १९४९ मध्ये प्रसिद्ध झालेले 'अ सँड काउंटी अल्मनॅक' हे पुस्तक निसर्गविषयक साहित्यात अभिजात गणले जाते. हरीण हा त्यांच्या आयुष्यभराच्या अभ्यासाचा, छंदाचा आणि अखेरच्या काळात लोकनिंदेचाही विषय ठरला.

बालपण आणि शिक्षण

लिओपोल्ड यांचा जन्म मिसिसिपी नदीकाठच्या बर्लिंग्टन या गावी एका जर्मन वंशाच्या कुटुंबात झाला. घरात जर्मन भाषा बोलली जाई. वडील कार्ल लिओपोल्ड यांचा अक्रोडाच्या लाकडाची मेजे बनविण्याचा कारखाना होता. ते स्वतः शिकारी होते, पण शिकारीचे नियम त्यांनी स्वतःच घालून घेतले होते. वसंत ऋतूत, म्हणजे पाणपक्ष्यांच्या विणीच्या दिवसांत, त्यांची शिकार करणे त्यांनी कायदा होण्यापूर्वीच सोडून दिले. मुलाच्या हाती बंदूक देतानाही झाडावर बसलेला पक्षी मारायचा नाही, अशी अट त्यांनी घातली होती. कायदा नसेल तेथेही शिकाऱ्याने स्वतःला आवर घातला पाहिजे, हा संस्कार लिओपोल्ड यांच्यावर लहानपणीच झाला.

न्यू जर्सीतील लॉरेन्सव्हिल येथे शालेय शिक्षण संपवून त्यांनी येल विद्यापीठात प्रवेश घेतला. १९०९ मध्ये तेथील वनविद्या शाखेची पदव्युत्तर पदवी त्यांनी संपादन केली.

वनखात्यातील नोकरी

१९०९ मध्येच ते अमेरिकेच्या वनखात्यात रुजू झाले. त्यांची पहिली नेमणूक अ‍ॅरिझोनातील अपाची राष्ट्रीय वनात झाली. पुढे न्यू मेक्सिकोतील कार्सन राष्ट्रीय वनाचे ते प्रमुख झाले. १९१२ मध्ये सांता फे येथील एस्टेला बर्गेरे यांच्याशी त्यांचा विवाह झाला. या दांपत्याला स्टार्कर, लूना, नीना, कार्ल आणि एस्टेला अशी पाच अपत्ये झाली.

१९१३ च्या वसंतात मेंढपाळांचे चराईचे तंटे मिटविण्यासाठी ते दूरच्या भागात घोड्यावरून फिरत असताना वादळात सापडले. ओल्या अंथरुणात रात्री काढाव्या लागल्याने त्यांना मूत्रपिंडाचा तीव्र विकार जडला. ते मरणाच्या दारातून परत आले. पूर्ववत कामावर येण्यास त्यांना वर्षाहून अधिक काळ लागला.

बरे झाल्यावर त्यांनी शिकारयोग्य प्राण्यांच्या रक्षणाचे काम हाती घेतले. त्या काळी अनिर्बंध शिकारीमुळे नैऋत्य अमेरिकेतील हरणांची संख्या फार घटली होती. शिकारीवर बंधने घालावीत आणि लांडगा, प्यूमा यांसारखे हरणे खाणारे प्राणी समूळ नष्ट करावेत, हे तेव्हाचे सर्वमान्य धोरण होते. लिओपोल्ड त्याचे कट्टर पुरस्कर्ते होते. न्यू मेक्सिकोतील शेवटचा लांडगा आणि शेवटचा प्यूमा मारला जाईपर्यंत हे काम थांबू नये, असे मत त्यांनी जाहीरपणे मांडले. अपाची वनातील पहिल्याच वर्षी त्यांनी स्वतःही लांडग्यांवर गोळ्या झाडल्या होत्या. लांडगे कमी झाले म्हणजे हरणे वाढतील आणि शिकाऱ्यांचे भले होईल, असा त्यांचा सरळ हिशेब होता.

याच काळात त्यांनी रस्ते आणि बांधकामे यांपासून मुक्त राखलेल्या अरण्याची कल्पना मांडली. तिला अनुसरून १९२४ मध्ये न्यू मेक्सिकोतील गिला वनाचा सुमारे साडेसात लाख एकरांचा प्रदेश राखीव अरण्य म्हणून घोषित झाला. अशा प्रकारचे हे अमेरिकेतील पहिले राखीव अरण्य होय.

धनुर्विद्या

१९२४ मध्ये लिओपोल्ड यांची बदली विस्कॉन्सिन राज्यातील मॅडिसन येथे वनोपज प्रयोगशाळेत झाली. तेथे त्यांना धनुर्विद्येचा छंद जडला. याही आणि सॅन फ्रान्सिस्कोचे डॉक्टर यांच्या मैत्रीतून अमेरिकेत या विद्येला नवे चैतन्य आले होते. याही जमातीतील इशी यांच्याकडून धनुष्यबाण शिकलेले डॉ. सॅक्स्टन पोप यांचे पुस्तक १९२३ मध्ये प्रसिद्ध झाले आणि अनेक शिकारी बंदूक सोडून धनुष्याकडे वळले.

लिओपोल्ड यांनी तयार धनुष्य विकत न घेता ते घरीच घडविण्यास सुरुवात केली. यू आणि ओसेज ऑरेंज या झाडांचे लाकूड ते निवडून आणत. ते तासून, घासून त्याला दोन्ही बाजूंनी सारखा बाक आणणे, प्रत्यंचा वळणे, बाणांना पिसे लावणे ही कामे हिवाळ्यात घरच्या कार्यशाळेत चालत. साऱ्या कुटुंबाला या छंदाने वेढले. पत्नी एस्टेला तर नेमबाजीत पतीच्याही पुढे गेल्या आणि महिलांच्या राज्यस्तरीय स्पर्धेत त्यांनी अजिंक्यपद मिळविले.

बाणाचा पल्ला बंदुकीच्या मानाने फार थोडा असतो. त्यामुळे शिकाऱ्याला हरणाच्या अगदी जवळ जावे लागते किंवा त्याच्या वाटेवर, वारा आपल्याकडे येईल अशा जागी, हालचाल न करता तासन्‌तास थांबावे लागते. पुढच्या काळात अमेरिकेतील धनुर्धारी शिकाऱ्यांमध्ये यासाठी झाडावर घरगुती मचाण बांधण्याची पद्धत रूढ झाली. लिओपोल्ड यांच्या दृष्टीने या खटाटोपात शिकारीची संख्या गौण होती. साधन जितके साधे, तितके शिकाऱ्याला अरण्य अधिक जाणावे लागते, अशी त्यांची धारणा होती.

विस्कॉन्सिनमध्ये १९३४ साली सॉक आणि कोलंबिया या दोन काउंटींत केवळ धनुष्यबाणाने हरणांची शिकार करण्याचा स्वतंत्र हंगाम सुरू झाला. लिओपोल्ड या कल्पनेचे समर्थक होते. १९३५ मध्ये सॉक काउंटीतच विस्कॉन्सिन नदीकाठी त्यांनी एक निकस झालेले शेत विकत घेतले. त्या शेतावर उभी असलेली एकमेव वास्तू म्हणजे कोंबड्यांचे जुने खुराडे. ते साफसूफ करून कुटुंबाने राहण्याजोगे केले. 'शॅक' या नावाने ते आज ओळखले जाते. या जमिनीवर लिओपोल्ड कुटुंबीयांनी दरवर्षी पाइनची हजारो रोपे लावली.

अध्यापन आणि संशोधन

१९२८ मध्ये प्रयोगशाळेची नोकरी सोडून लिओपोल्ड यांनी उत्तर-मध्य राज्यांतील शिकारयोग्य प्राण्यांची पाहणी केली. १९३३ मध्ये त्यांचा 'गेम मॅनेजमेंट' हा ग्रंथ प्रसिद्ध झाला. त्याच वर्षी विस्कॉन्सिन विद्यापीठाने त्यांच्यासाठी या विषयाचे प्राध्यापकपद निर्माण केले. अमेरिकेतील या विषयाचे हे पहिलेच अध्यासन होते.

जर्मनी आणि मेक्सिको

हरणे वाढविण्याच्या धोरणाविषयी त्यांच्या मनात हळूहळू शंका येऊ लागली. अ‍ॅरिझोनातील कैबाब पठारावर लांडगे आणि प्यूमा मारल्यानंतर हरणांची बेसुमार वाढ झाली. त्यांनी पठारावरील झाडपाला खाऊन फस्त केला आणि १९२० च्या दशकात ती उपासमारीने मेली. कैबाबच्या हरणांचे तेव्हा दिले गेलेले आकडे पुढील संशोधकांनी वादग्रस्त ठरविले, तरी वनस्पतींची झालेली हानी उघड होती. गिला वनातही हरणे वाढली आणि शिकाऱ्यांना ती मारता यावीत म्हणून लिओपोल्ड यांनीच राखून घेतलेल्या अरण्यातून रस्ता काढण्यात आला.

१९३५ मध्ये ते अभ्यासवृत्तीवर तीन महिने जर्मनीत राहिले. तेथे सरळ रांगांत लावलेली स्प्रूसची वने आणि चारा घालून पोसलेली हरणे त्यांना दिसली. हरणांच्या तोंडाला पोचेल तेवढ्या उंचीवर झाडाखाली काहीही उगवत नव्हते. याउलट १९३६ मध्ये मेक्सिकोतील सिएरा माद्रे पर्वतात, गाविलान नदीच्या खोऱ्यात, ते धनुष्यबाण घेऊन शिकारीस गेले. तेथे पांढऱ्या शेपटीची हरणे होती, लांडगे आणि प्यूमाही होते. तरीही हरणांची संख्या चांगली होती, डोंगर हिरवे होते आणि नदीचे पाणी स्वच्छ होते. आपण आजवर आजारी जमीनच पाहत आलो, निरोगी जमीन येथे प्रथम पाहिली, अशी त्यांची खात्री झाली.

विस्कॉन्सिनमधील हरणांचा वाद

उत्तर विस्कॉन्सिनमधील जुनी वने तोडली गेल्यावर तेथे झुडपे माजली होती. लांडगे जवळजवळ संपले होते आणि कायद्याने अनेक वर्षे फक्त शिंगे असलेल्या नरांनाच मारण्याची मुभा होती. या तिन्ही कारणांनी पांढऱ्या शेपटीची हरणे झपाट्याने वाढली. हिवाळ्यात बर्फ साचले की ही हरणे सीडर वृक्षांच्या दलदलींत आश्रयाला गोळा होतात. तेथील खालचा पाला संपला की मोठ्या हरणांना मागच्या पायांवर उभे राहून थोडा तरी पाला मिळतो. पाडसांची मान तेथवर पोचत नाही, म्हणून ती प्रथम मरतात.

१९४२ मध्ये राज्याने नेमलेल्या नागरिकांच्या हरीण समितीचे लिओपोल्ड अध्यक्ष झाले. समितीच्या सदस्यांनी बर्फातून फिरून या दलदली पाहिल्या, तेव्हा तेथे मेलेली पाडसे आणि ओरबाडलेली झाडे आढळली. हरणांची संख्या कमी करावयाची तर माद्याही मारल्या पाहिजेत, असा निष्कर्ष समितीने काढला. १९४३ मध्ये लिओपोल्ड राज्याच्या निसर्गसंवर्धन आयोगाचे सदस्य झाले. त्या वर्षीच्या हंगामात प्रथम नर आणि काही दिवसांनी शिंगे नसलेली हरणे मारण्यास परवानगी देण्यात आली. सुमारे १ लाख २८ हजार हरणे मारली गेली.

याचे तीव्र पडसाद उमटले. मादी आणि पाडस मारणे हे अनेक शिकाऱ्यांना पाप वाटत होते, तर पर्यटनावर जगणाऱ्या उत्तरेकडील गावांना हरणे हवी होती. तो हंगाम 'त्रेचाळीसचा गुन्हा' या नावाने कुप्रसिद्ध झाला. हरणे वाचविण्यासाठी एक वृत्तपत्रच निघाले आणि त्यातून लिओपोल्ड यांच्यावर सातत्याने टीका झाली. दुसऱ्या वर्षी आयोगाने माद्यांच्या शिकारीची परवानगी मागे घेतली. लिओपोल्ड यांनी आपले मत बदलले नाही. मृत्यूपर्यंत ते आयोगावर राहिले, परंतु या प्रश्नावर त्यांना बहुमत मिळविता आले नाही.

लेखन

या वादाच्या काळात लिओपोल्ड ललित निबंध लिहीत होते. त्यांचे एकेकाळचे विद्यार्थी आणि चित्रकार अल्बर्ट हॉकबाम यांना हे लेखन एकांगी वाटले. निसर्गाच्या विध्वंसाचा दोष इतरांना देणाऱ्या लेखकाने त्यात आपलाही हात होता हे मान्य करावे, असे त्यांनी पत्रातून सुचविले. त्यातून १९४४ मध्ये 'थिंकिंग लाइक अ माउंटन' हा निबंध लिहिला गेला. तरुणपणी मारलेल्या लांडगीच्या विझत जाणाऱ्या डोळ्यांची आठवण सांगून लिओपोल्ड यांनी त्यात आपली चूक उघडपणे कबूल केली आहे. हरणाला जशी लांडग्याची धास्ती असते, तशी डोंगराला हरणांची असते, हा त्याचा आशय आहे.

निधन

१४ एप्रिल, १९४८ रोजी त्यांच्या निबंधसंग्रहाचा स्वीकार झाल्याचे ऑक्सफर्ड युनिव्हर्सिटी प्रेसने त्यांना कळविले. त्यानंतर आठवड्याने, २१ एप्रिल रोजी, शॅकजवळच्या शेजाऱ्याच्या शेतात गवताला आग लागली. ती विझविण्यास मदत करीत असताना हृदयविकाराच्या झटक्याने लिओपोल्ड यांचे निधन झाले. त्यांचे दफन बर्लिंग्टन येथे करण्यात आले. पुत्र लूना यांनी हस्तलिखितावर अखेरचा हात फिरवून पुस्तक प्रसिद्ध केले.

वारसा

विस्कॉन्सिनमध्ये १९४९ मध्ये शिंगे नसलेल्या हरणांच्या शिकारीस पुन्हा परवानगी मिळाली. शिकारीच्या हंगामात माद्यांचाही समावेश करून हरणांची संख्या जमिनीच्या कुवतीत राखणे ही पद्धत आता अमेरिकेत सर्वत्र रूढ आहे. लिओपोल्ड यांच्या अपत्यांपैकी स्टार्कर, लूना आणि धाकट्या एस्टेला हे तिघे अमेरिकेच्या राष्ट्रीय विज्ञान अकादमीचे सदस्य झाले. पाचही भावंडांनी मिळून १९८२ मध्ये आल्डो लिओपोल्ड प्रतिष्ठानाची स्थापना केली. कोंबड्यांच्या खुराड्याचे ते घर आणि भोवतीचे पाइनचे वन प्रतिष्ठानाने जतन केले आहे.