गाढवाने ओढून नेलेले अरण्य

कॅलिफोर्नियाच्या उत्तर किनाऱ्यावर युरेका नावाचे लहानसे बंदर आहे. या गावी जाणारा प्रत्येक प्रवासी तेथील कार्सन वाडा पाहिल्यावाचून परतत नाही. मनोरे, कमानी, सज्जे आणि कोरीवकाम यांनी नखशिखान्त सजलेला हा लाकडी प्रासाद १८८४ ते १८८६ या काळात उभा राहिला. त्याचा धनी विल्यम कार्सन हा लाकडाचा बडा व्यापारी. वाड्याची छायाचित्रे जगभर गेली आणि कार्सनचे नाव त्यांच्याबरोबर गेले. मात्र ज्या वर्षी वाड्याचा पाया खोदला गेला त्याच्या दोनच वर्षे आधी कार्सनच्या भागीदाराने एका यंत्राचे पेटंट मिळविले होते, आणि लाकूडतोडीच्या इतिहासात वाड्यापेक्षा त्या यंत्राचे मोल फार अधिक आहे. जॉन डॉल्बिअर हे त्या भागीदाराचे नाव. आज डोंगरउतारावर ट्रकमध्ये प्रचंड ओंडके अलगद चढविणारी जी यंत्रे दिसतात, त्यांची वंशावळ मागे मागे शोधत गेले की आपण या माणसापाशी येऊन पोहोचतो.

डॉल्बिअर यांचा जन्म १८२७ सालचा, अमेरिकेच्या पूर्वेकडील न्यू हॅम्पशायर राज्यातील एप्सम गावचा. कॅलिफोर्नियात सोने सापडल्याची वार्ता पसरली तेव्हा पूर्वेकडून तरुणांची जी रीघ लागली, तिच्यात तेही होते. सोन्याच्या मागे धावलेल्या बहुतेकांच्या हाती मातीच लागली. शहाणे होते ते सोने शोधणाऱ्यांना लागणाऱ्या वस्तू विकू लागले. सॅन फ्रान्सिस्को शहर लाकडाचे होते, वरचेवर जळत होते आणि पुन्हा लाकडानेच बांधले जात होते. तेव्हा खरी खाण होती ती हम्बोल्ट उपसागराच्या काठी उभ्या असलेल्या रेडवूडच्या अरण्यात. १८५३ मध्ये डॉल्बिअर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तेथे ‘बे मिल’ ही लाकूड चिरण्याची गिरणी काढली. १८६३-६४ च्या सुमारास कार्सन तीत भागीदार झाले आणि ‘डॉल्बिअर अँड कार्सन’ ही पेढी नावारूपाला आली.

हा सारा प्रदेश वियोट या आदिवासी जमातीचा होता, हे येथे सांगितले पाहिजे. १८६० च्या फेब्रुवारीत युरेकासमोरच्या बेटावर वियोट स्त्रिया, मुले आणि वृद्ध यांची गोऱ्या वसाहतवाल्यांनी रात्रीच्या वेळी कत्तल केली. ज्या गावाच्या भरभराटीची ही कहाणी आहे, त्या गावाच्या पायाशी तेही आहे.

रेडवूड हा वृक्ष म्हणजे निसर्गाचा एक अचाट प्रकार. शंभर मीटरहून अधिक उंची, चार-पाच मीटरचा बुंधा आणि हजार-दोन हजार वर्षांचे आयुष्य. असा वृक्ष कुऱ्हाडीने आणि दोघांनी ओढायच्या लांब करवतीने पाडायला काही दिवस लागत. जमिनीवर आपटून तो फुटू नये म्हणून पडण्याच्या जागी फांद्यांची गादी अंथरावी लागे. पण पाडणे हे त्यातल्या त्यात सोपे काम होते. खरी कसोटी त्यानंतर होती. साल काढून, तुकडे करून जो एकेक ओंडका उरे, त्याचे वजन दहा-वीस टनांच्या घरात जाई. असा ओंडका दरीतून, चिखलातून, बुंध्यांच्या गर्दीतून गिरणीपर्यंत न्यायचा कसा?

त्या काळी याचे उत्तर एकच होते : बैल. आधी माणसे लोखंडी जॅक लावून ओंडका इंच-इंच सरकवीत वाटेपर्यंत आणत. वाट म्हणजे आडव्या टाकलेल्या लाकडांची एक रांग. तिच्यावर पाणी किंवा चरबी टाकून ती निसरडी करीत आणि मग आठ-दहा जोड्यांचा बैलतांडा एकामागे एक बांधलेली ओंडक्यांची माळ ओढू लागे. पराणी घेऊन तांड्यासोबत चालणारा हाक्या हा छावणीतला सर्वांत मोठ्या पगाराचा गडी, आणि शिव्यांच्या बाबतीतही त्याचा हात कोणी धरीत नसे. परंतु बैलांना मर्यादा होत्या. चढ फार असला की ते चालत नसत, पावसाळ्यात वाट रुतली की काम बंद पडे, आणि काम असो वा नसो, वैरण मात्र रोज लागे. त्यामुळे उपसागराच्या काठची आणि सपाटीवरची झाडे तुटली, पण डोंगरातले अरण्य जसेच्या तसे उभे राहिले. बैलाचा पाय जेथे पोहोचत नव्हता, तेथे कुऱ्हाडही पोहोचत नव्हती.

डॉल्बिअर यांचा पिंड यंत्रज्ञाचा होता आणि त्यांच्या डोळ्यांसमोर रोज जहाजे होती. शिडांच्या जहाजांवर त्या वेळी एक लहानसे वाफेचे इंजिन असे. जहाज चालविण्याशी त्याचा संबंध नसे. नांगर उचलणे, शीड चढविणे, माल वर-खाली करणे अशी ओझ्याची कामे ते करी. खलाशी त्याला ‘डाँकी’ म्हणजे गाढव म्हणत. घोड्याच्या शक्तीत मोजण्याची त्याची योग्यता नाही, असा त्यातला थट्टेचा भाग सांगितला जातो. जहाजावरचे हे गाढव डॉल्बिअर यांनी रानात आणले. १८८१ मध्ये त्याचे प्रयोग झाले आणि एप्रिल १८८२ मध्ये त्याचे पेटंट मिळाले.

यंत्र दिसायला अगदी साधे होते. जाडजूड लाकडी घसरपट्ट्यांवर एक उभा बॉयलर, जळण म्हणून रानातलेच लाकूड, एक सिलिंडर आणि त्याने फिरणारा लोखंडी ड्रम. या ड्रमला मनिला दोरखंडाचे काही वेढे द्यायचे, दोराचे दुसरे टोक दीडशे फुटांवरच्या ओंडक्याला बांधायचे आणि वाफ सोडायची. वेढ्यांच्या घर्षणाने दोर पकडला जाई आणि ओंडका खेचला येई. डॉल्बिअर यांच्या कल्पनेचे मर्म असे की, त्यांनी ओढणाऱ्याला चालायला लावले नाही. बैलाला वाट लागते, इंजिनाला लागत नाही. ते एका जागी उभे राहते आणि चालतो तो दोर. आपल्याकडे मोट जाऊन विहिरीवर डिझेल इंजिन आले तेव्हा जे घडले, त्याच जातीचे हे स्थित्यंतर होते. शिवाय हे गाढव स्वतःची जागाही स्वतःच बदले. पुढच्या एखाद्या खोडाला दोर बांधला की ते स्वतःलाच ओढीत, घसरपट्ट्यांवरून डोंगर चढून जाई.

यंत्राभोवती एक लहानसा संसार असे. ओंडक्याला फास घालणारा एक, इंजिन सांभाळणारा एक, आणि ड्रमवर दोराचे वेढे नीट बसत आहेत ना हे हातातल्या काठीने पाहणारा एक. काठीऐवजी पाय वापरण्याचा आळस ज्याने केला, त्याचा पाय गेलाच म्हणून समजावे. फास घालणारा खाली झाडीत दिसेनासा होई, तेव्हा त्याच्यापासून इंजिनाच्या शिट्टीपर्यंत एक तार ताणलेली असे. ती ओढण्यासाठी एक पोरगा ठेवलेला असे. त्याने तार ओढली की शिट्टी वाजे आणि इंजिनवाला वाफ सोडी. सगळ्यांचे प्राण त्या पोराच्या हातात असत. ताणलेला दोर तुटला, तर तो चाबकासारखा फिरून समोर येईल त्याला कापून काढी.

आणि एक घोडा असे! ओंडका इंजिनापाशी आला की मोकळा झालेला दोर पुन्हा खाली न्यायचा कोणी? इंजिनाला ओढता येत होते, ढकलता येत नव्हते. सोळा-वीस बैलांना घरी बसविणाऱ्या या यंत्राला आपलाच दोर परत नेण्यासाठी एका जनावराची गरज पडावी, ही गंमत मला नेहमीच फार बोलकी वाटत आली आहे. कालांतराने मनिला दोराच्या जागी पोलादी तारेचा दोर आला, इंजिनाला दुसरा ड्रम बसला आणि दोर परत खेचण्याचे कामही यंत्रच करू लागले. त्या दिवशी घोड्याचीही नोकरी संपली.

ओंडका ओढून आणल्यावर तो गाडीवर चढवायचा, हा पुढचा प्रश्न. डॉल्बिअर यांनी तोही हाताळला. १८८३ च्या सुमारास त्यांनी असे एक आगगाडीचे इंजिन सुचविले, की ज्याच्या पुढच्या अंगाला दोर गुंडाळण्याचे ड्रम बसविलेले असतील. म्हणजे त्या इंजिनाने रुळांवर उभे राहून जंगलातून ओंडके खेचावेत, तेच शेजारच्या वाघिणींवर चढवावेत आणि मग तीच गाडी ओढीत गिरणीकडे न्यावी. ‘जिप्सी’ नावाने ओळखली जाणारी ही इंजिने सॅन फ्रान्सिस्कोच्या मार्शुट्झ अँड कँट्रेल या कारखान्याने बांधली. त्यांची संख्या फार नव्हती; पण वाहून नेणारे आणि माल चढविणारे यंत्र एकच असावे, ही कल्पना तेथे प्रत्यक्षात उतरली होती. पुढे ती ट्रकवर आली, तेव्हा तिचा जनक विस्मृतीत गेला होता.

स्वतः डॉल्बिअर मात्र जंगलात राहत नव्हते. पेढीचा सॅन फ्रान्सिस्कोमधला व्यवहार ते पाहत आणि युरेकाची गिरणी कार्सन सांभाळीत. वखारी, जहाजे, उधारी यांत त्यांची वर्षे गेली. पेढीच्या शिडाच्या दोन जहाजांना दोघा भागीदारांच्या मुलींची नावे होती : ‘लॉटी कार्सन’ आणि ‘बर्था डॉल्बिअर’. पैसा अमाप आला, घर मात्र रिते होत गेले. पत्नी आधीच गेली होती, मुलगाही गेला. १९०२ मध्ये सॅन फ्रान्सिस्को येथे डॉल्बिअर यांचे निधन झाले, तेव्हा सारी संपत्ती बर्थाकडे आली. दोनच वर्षांनी, १९०४ मध्ये, न्यूयॉर्कच्या वॉल्डॉर्फ-अस्टोरिया हॉटेलातील वरच्या मजल्याच्या खिडकीतून पडून तिचा मृत्यू झाला. तिने आपली बहुतांश मालमत्ता सोबतिणीच्या नावे केली होती. नातलगांनी मृत्युपत्रास आव्हान दिले आणि मृत तरुणीची मनःस्थिती कशी होती, याचा कीस न्यायालयात काढला गेला. १९०६ मध्ये कॅलिफोर्नियाच्या सर्वोच्च न्यायालयाने मृत्युपत्र ग्राह्य धरले. वंश असा संपला. यंत्राचा वंश मात्र वाढतच गेला.

त्याचे पुढचे रूप ‘उंच खांबा’चे. जंगलातलेच एक उत्तुंग झाड निवडायचे, त्याच्या फांद्या आणि शेंडा तोडायचा, चहूबाजूंनी तारांनी ते ताणून धरायचे आणि टोकाशी कप्प्या अडकवायच्या. आता दोर जमिनीवरून नव्हे, वरून येऊ लागला. ओंडक्याच्या दोन्ही टोकांना मोठाले चिमटे लावून तो हवेत उचलायचा आणि वाघिणीवर ठेवायचा. पहिल्या महायुद्धाच्या सुमारास पॅसिफिक किनाऱ्याच्या जंगलांत मोटारट्रक दिसू लागले आणि काम अधिक नाजूक झाले. वाघीण रुळांवर भक्कम उभी असते. ट्रकवर ओंडका जरा तिरका पडला, तर चालकाच्या खोलीचा चेंदामेंदा व्हायचा. यावर निघालेली एक युक्ती पाहण्यासारखी आहे. ओंडका मध्यावर न पकडता थोडा एका बाजूला पकडायचा, म्हणजे उचलताना त्याचे एक टोक वर उसळून यारीच्या भुजेला खालून टेकते. भुजेचा असा आधार मिळाला की एकाच चिमट्याने धरलेला ओंडकाही झुलत नाही. हवा तसा वळवून तो ट्रकवर अचूक ठेवता येतो. तोवर वाफेची जागा पेट्रोल आणि डिझेलने घेतली होती. वैरण खाणारे बैल गेले, लाकूड खाणारे बॉयलरही गेले.

यानंतरचा टप्पा अमेरिकेत नव्हे, तर स्वीडनमध्ये गाठला गेला. हूडिक्सवाल गावी स्की बनविण्याचा धंदा करणारे एरिक सुंडिन यांनी १९४४ मध्ये ‘हियाब’ ही कंपनी काढली. ट्रकच्याच इंजिनाची शक्ती घेऊन तेलाच्या दाबावर चालणारी यारी ट्रकवरच बसविण्याचा उद्योग तिने केला. डॉल्बिअर यांची जिप्सी रुळांवर जे करू पाहत होती, ते आता रस्त्यावर होऊ लागले. ज्या कामाला जॅकवाल्यांची टोळी आणि हाक्यासकट बैलांचा तांडा लागत असे, ते आता खुर्चीत बसून दांडे हलविणारा एक माणूस करतो. त्याचा पाय दोरात सापडत नाही, हा लाभ लहान नव्हे.

अरण्याच्या बाजूने पाहिले, तर हिशेब वेगळा निघतो. रेडवूडचे मूळ वन सुमारे वीस लाख एकरांवर पसरलेले होते. त्यातले आज जेमतेम पाच टक्के शिल्लक आहे. हे सारे एका यंत्राने केले, असे म्हणणे अन्यायाचे होईल. मागणी होती, भांडवल होते, आगगाडी होती. १९०६ च्या भूकंपात आणि आगीत बेचिराख झालेले सॅन फ्रान्सिस्को पुन्हा उभारायचे होते. पण उभ्या कड्यांवरच्या झाडांना जे अभय होते, ते डॉल्बिअर यांच्या दोराने काढून घेतले, हे नाकारता येत नाही. शिवाय जमिनीवरून फरफटत येणारा ओंडका वाटेतली कोवळी रोपे आणि माती दोन्ही खरवडून नेई. बैलांनी एवढा विध्वंस कधीच केला नव्हता. डॉल्बिअर यांनी असा विचार केला असेल काय? त्यांच्या काळी अरण्य अक्षय समजले जाई, आणि तसे न समजणारा माणूस लाकडाच्या धंद्यात टिकला नसता.

उरलेले वाचविण्याची चळवळ १९१८ मध्ये सुरू झाली, ‘सेव्ह द रेडवूड्स लीग’ या संस्थेच्या रूपाने. रेडवूड राष्ट्रीय उद्यान व्हायला १९६८ उजाडावे लागले, आणि १९७८ मध्ये ते वाढविले गेले तेव्हा त्यात सामील झालेल्या जमिनीचा मोठा भाग आधीच तोडून उजाड झालेला होता. डॉल्बिअर अँड कार्सन पेढी १९५० मध्ये पॅसिफिक लंबर कंपनीने विकत घेतली. कार्सन वाडाही त्याच वर्षी एका खासगी क्लबाकडे गेला. तो बाहेरून पाहता येतो. तेथून थोड्या अंतरावर फोर्ट हम्बोल्ट येथील उघड्या संग्रहालयात जुनी गाढव-इंजिने आणि दोन जिप्सी इंजिने जतन करून ठेवली आहेत. त्यांतले एक १८९२ मध्ये बांधलेले आहे.