चाळीस वर्षं, चारशे फोटो आणि एकच फोटोग्राफर : काउंटेस कास्तिल्योनेची गोष्ट

इन्स्टाग्राम उघडलं की हल्ली बुदुआर फोटोशूटचे रील्स दिसतात. बुदुआर म्हणजे फ्रेंचमध्ये बाईची स्वतःची खासगी खोली. त्या खोलीतल्या मोकळेपणाने, कमी कपड्यांत, स्वतःसाठी काढून घेतलेले फोटो म्हणजे बुदुआर शूट. करून घ्यावंसं अनेकींना वाटतं, पण गाडी एका प्रश्नावर अडते : कॅमेऱ्यामागच्या माणसावर विश्वास कसा ठेवायचा?

हे नाव रूढही नव्हतं, तेव्हा पॅरिसमध्ये एका बाईने हा प्रश्न स्वतःपुरता सोडवला होता. तिचं नाव व्हर्जिनिया ओल्दोइनी, म्हणजेच काउंटेस कास्तिल्योने.

राजकारणासाठी पॅरिसला

व्हर्जिनियाचा जन्म १८३७ चा, इटलीतल्या फ्लॉरेन्सचा. १८५४ मध्ये काउंट फ्रांचेस्को कास्तिल्योनेशी तिचं लग्न झालं आणि पुढच्या वर्षी मुलगा झाला, जॉर्जिओ.

तेव्हा इटली हा एक देश नव्हता, लहानमोठ्या राज्यांत विभागलेला होता. त्याच्या एकीकरणासाठी झटणारा पिडमाँटचा पंतप्रधान काव्हूर तिचा नातेवाईक. फ्रान्सचा सम्राट तिसरा नेपोलियन इटलीच्या बाजूने वळावा, यासाठी त्याने अठरा वर्षांच्या व्हर्जिनियाला पॅरिसला पाठवलं. तिथे ती सम्राटाची प्रेयसी झाली. पॅरिसभर चर्चा झाली आणि संसार मोडला. १८५७ मध्ये तिच्या घरून निघालेल्या सम्राटावर हल्ल्याचा प्रयत्न झाला. हे प्रेमप्रकरणही संपलं आणि तिला इटलीला परतावं लागलं.

पण त्याआधी, १८५६ मध्ये, तिने एका फोटो स्टुडिओची पायरी चढली होती.

पिअरसनच का?

हा स्टुडिओ होता मायर अँड पिअरसन. सम्राटाच्या दरबाराचे फोटो काढणारा, नावाजलेला. त्यातला पिअर लुई पिअरसन तिच्यापेक्षा पंधरा वर्षांनी मोठा होता.

सुरुवातीचे फोटो साधे, दरबारी थाटाचे होते. भारी गाऊन, दागिने, ठरलेल्या पोझ. १८६१ मध्ये पॅरिसला परतल्यावर तिने पुन्हा पिअरसनलाच गाठलं आणि मग फोटो धीट होत गेले. मोकळे सोडलेले केस, उघडे खांदे, काही फोटोंत फक्त अनवाणी पाय. त्या काळी सभ्य घरातल्या बाईच्या पायाचा घोटा दिसणंही लाजिरवाणं मानलं जायचं. असे फोटो पहिल्या भेटीत निघाले नव्हते, मध्ये काही वर्षांची ओळख होती.

दुसरी गोष्ट म्हणजे शब्द कुणाचा चालायचा. पोशाख, पोझ, कॅमेऱ्याचा कोन, फोटोचं नाव, छापील फोटोवर हाताने कोणते रंग भरायचे, हे सगळं व्हर्जिनिया ठरवायची. पिअरसन कॅमेरा सांभाळायचा. एका प्रसिद्ध फोटोत तिने अंडाकृती फ्रेम डोळ्यासमोर धरली आहे. बघणारा तिच्याकडे बघतो, तशी तीही त्याच्याकडे रोखून बघते आहे.

अफवा, सुरी आणि मुलाचा ताबा

१८६३ मध्ये राजवाड्यातल्या एका फॅन्सी ड्रेस बॉलला ती इट्रुरियाची राणी बनून गेली. ती जवळपास विवस्त्र आली होती, अशी अफवा पसरली. त्या पोशाखातले पिअरसनने काढलेले फोटो आजही आहेत आणि ते पाहिल्यावर अफवेत दम नव्हता हे कळतं.

त्याच पोशाखात, हातात सुरी घेतलेला तिचा एक फोटो आहे. नाव ‘सूड’. मुलाचा ताबा काढून घेण्याची धमकी देणाऱ्या नवऱ्याला तिने तो पाठवला होता. जे फोटो तिची बदनामी करायला वापरता आले असते, तेच तिने स्वतःच्या बचावासाठी वापरले.

फोटोचा मालक कोण?

त्या काळी नामवंतांचे छोटे फोटो दुकानांत सर्रास विकले जायचे आणि त्यांच्या नकलाही निघायच्या. मायर अँड पिअरसनने काढलेल्या काव्हूरच्या फोटोची अशीच नक्कल झाली, तेव्हा स्टुडिओ कोर्टात गेला. १८६२ मध्ये फ्रेंच न्यायालयाने फोटो ही कला असू शकते, त्यामुळे त्याला कॉपीराइटचं संरक्षण मिळू शकतं, हे मान्य केलं. हक्क मिळाला तो फोटो काढणाऱ्याला.

भारतात नियम वेगळा आहे. पैसे देऊन काढून घेतलेल्या फोटोचा पहिला मालक, वेगळा करार नसेल तर, पैसे देणारा असतो. म्हणूनच सही करण्याआधी करार वाचायला हवा. शिवाय खासगी फोटो काढायला दिलेली संमती म्हणजे तो पसरवायला दिलेली संमती नव्हे, हे आपला फौजदारी कायदाही मानतो.

शेवटची फेरी

१८६७ मध्ये नवरा गेला, १८७९ मध्ये मुलगा. व्हर्जिनिया पॅरिसमधल्या घरात पडदे ओढून राहू लागली. आरसे काढून टाकले, बाहेर पडायची ती रात्रीच. तरी पन्नाशी उलटल्यावर, १८९३ ते १८९५ दरम्यान, ती पुन्हा कॅमेऱ्यासमोर आली. केस विरळ झाले होते, शरीर सुटलं होतं. आरशात बघणं नको झालेली ही बाई पिअरसनसमोर मात्र बसली.

१९०० च्या पॅरिस प्रदर्शनात हे फोटो मांडायचं तिच्या मनात होतं. पण नोव्हेंबर १८९९ मध्ये ती गेली. पुढे कवी रोबेर द मोंतेस्किऊ याने तिचे चारशेहून जास्त फोटो जमवले. त्यातले बरेच आज न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन म्युझियममध्ये आहेत. जिवंतपणी कोणता फोटो कुणी बघायचा हे ती ठरवायची, आता ते कुणीही बघू शकतं.

तिच्याकडून काय घ्यायचं?

आधी साधं शूट करून माणूस पारखायचा. पोझ आणि कपडे आपण ठरवायचे, नको वाटलं तिथे थांबवायचं. फोटोग्राफर यातलं काही ऐकून घेत नसेल, तर तिथूनच परत फिरायचं. आणि फाइल्स कुणाकडे, किती दिवस राहतील, पोर्टफोलिओत जातील की नाही, हे शूटआधी लेखी घ्यायचं. व्हर्जिनियाच्या वेळी फोटो काचेच्या प्लेटवर असायचा. आज तो एका क्लिकवर पुढे जातो.