हुकलेली रपेट

ब्रिटिश अमदानीत इंडियन सिव्हिल सर्व्हिसमधील अधिकाऱ्याला ग्रीक-लॅटिनपेक्षा घोड्यावरची पक्की मांड अधिक उपयोगी पडत असे. जिल्ह्याचा कलेक्टर वर्षातील कित्येक महिने फिरतीवर असायचा. रस्ते कच्चे आणि रेल्वे दूर, म्हणून सारी भिस्त घोड्यावर. त्यामुळे इंग्लंडमध्ये दोन वर्षांची उमेदवारी करणाऱ्या प्रत्येक तरुणाला अखेरीस घोडेस्वारीची परीक्षा द्यावी लागे. बहुतेकांच्या लेखी तो एक उपचार होता. अरविंद घोष यांच्या आयुष्याने मात्र नेमके येथेच वळण घेतले.

अरविंदांचा जन्म १५ ऑगस्ट १८७२ रोजी कोलकात्यात झाला. वडील डॉ. कृष्णधन घोष सरकारी सेवेतील नामांकित डॉक्टर. मुलांनी पुरते साहेबी वळणात वाढावे, हा त्यांचा ध्यास होता. १८७९ मध्ये तिन्ही मुलांना त्यांनी इंग्लंडला नेऊन ठेवले. अरविंद तेव्हा अवघ्या सात वर्षांचे होते. मँचेस्टर, लंडनचे सेंट पॉल्स स्कूल आणि १८९० पासून केंब्रिजचे किंग्ज कॉलेज असा त्यांचा प्रवास झाला. बुद्धी तल्लख, पण खिसा रिकामा. वडिलांकडून येणारे पैसे अनियमित होते आणि लंडनमधील एक संपूर्ण वर्ष या भावंडांनी अर्धपोटी काढले.

१८९० च्या स्पर्धा परीक्षेत अरविंद अकरावे आले. ग्रीक व लॅटिन या विषयांत त्यांचे गुण विशेष होते. वडिलांचे स्वप्न हाताशी आले होते. परंतु मुलाचे मन दुसरीकडे वळू लागले होते. केंब्रिजमधील भारतीय विद्यार्थ्यांच्या 'इंडियन मजलिस'मध्ये ते सरकारविरोधी भाषणे करू लागले. ज्या राजवटीविरुद्ध बोलायचे, तिचीच चाकरी करायची, हा पेच दिवसेंदिवस घट्ट होत गेला.

लेखी परीक्षा पार पडल्या, उरली घोडेस्वारी. केंब्रिजमधील शिकवणी खर्चिक होती आणि अरविंदांना तिची गोडीही लागली नाही. परीक्षेला ते वारंवार गैरहजर राहिले. आयोगाने पुन्हा पुन्हा संधी दिली. अखेरची संधी नोव्हेंबर १८९२ मध्ये वूलिच येथे होती. तेथेही ते वेळेवर पोहोचले नाहीत. आयोगाने त्यांना अपात्र ठरवले. किंग्ज कॉलेजमधील प्राध्यापक प्रोथेरो यांनी त्यांच्या बाजूने रदबदली केली, प्रकरण भारतमंत्री लॉर्ड किंबर्ली यांच्यापर्यंत गेले. पण निर्णय बदलला नाही.

ही निव्वळ हयगय नव्हती, असे अरविंदांनीच पुढे सांगितले. नोकरी उघडपणे नाकारणे घरच्यांना रुचले नसते. म्हणून त्यांनी स्वतःच नापास होण्याची वाट धरली. मात्र या निवडीची किंमत मोठी होती. मुलगा अधिकारी होऊन परत येतो आहे, याच समजुतीत वडील होते. तशात पोर्तुगालच्या किनाऱ्याजवळ बुडालेल्या एका जहाजावर अरविंद होते, अशी चुकीची वार्ता त्यांच्या कानी आली. त्या धक्क्याने १८९२ च्या अखेरीस त्यांचे निधन झाले. प्रत्यक्षात अरविंद त्या जहाजावर नव्हतेच.

याच सुमारास बडोद्याचे महाराज सयाजीराव गायकवाड लंडनमध्ये होते. जेम्स कॉटन यांनी दोघांची गाठ घालून दिली. दरमहा दोनशे रुपये पगार ठरला. सिव्हिल सर्व्हिसच्या तोडीचा माणूस इतक्या कमी पगारात मिळाल्याचा महाराजांना आनंदच झाला. फेब्रुवारी १८९३ मध्ये अरविंद मुंबईत उतरले, ते चौदा वर्षांनी.

पुढची तेरा वर्षे बडोद्यात गेली. महसूल खाते, सचिवालय आणि मग महाविद्यालयातील अध्यापन. येथे ते मराठी व गुजराती शिकले. केंब्रिजचे मित्र केशवराव देशपांडे यांच्या आग्रहावरून मुंबईच्या 'इंदुप्रकाश'मध्ये त्यांनी काँग्रेसच्या मवाळ धोरणावर जळजळीत लेखमाला लिहिली. न्यायमूर्ती रानडे यांनी पत्राच्या मालकांना सावध केल्यावर तिची धार बोथट झाली. घोड्याशी मात्र सूर जुळला नाही तो नाहीच. बडोद्यात त्यांच्याकडे व्हिक्टोरिया गाडी होती. तिचा घोडा अंगाने धिप्पाड, पण चालीला गाढवाचा भाऊ शोभेल असा होता, अशी आठवण त्यांना बंगाली शिकवणाऱ्या दिनेंद्रकुमार रॉय यांनी नोंदवली आहे.

१९०६ मध्ये अरविंदांनी बडोदा सोडून कोलकाता गाठले आणि ते राजकारणाच्या ऐन वावटळीत उतरले. मे १९०८ मध्ये अलीपूर बॉम्ब खटल्यात त्यांना अटक झाली. वर्षभराचा तुरुंगवास घडला. ६ मे १९०९ रोजी त्यांची निर्दोष मुक्तता झाली. त्यानंतर वर्षभरातच ते पाँडिचेरीला गेले आणि १९५० मध्ये देह ठेवीपर्यंत तेथेच राहिले.

या खटल्याचे न्यायाधीश होते चार्ल्स बीचक्रॉफ्ट. १८९० च्या स्पर्धा परीक्षेत तेही बसले होते आणि ग्रीकमध्ये अरविंदांच्या मागे राहिले होते. बीचक्रॉफ्ट घोड्यावर मांड ठोकून सेवेत दाखल झाले आणि न्यायासनापर्यंत पोहोचले. ती रपेट चुकवणारा त्यांचा सहाध्यायी एकोणीस वर्षांनी आरोपीच्या पिंजऱ्यात त्यांच्यासमोर उभा होता.