एरिक फॉन विलेब्रांड

एरिक आडॉल्फ फॉन विलेब्रांड (१ फेब्रुवारी १८७० – १२ सप्टेंबर १९४९) हे फिनलंडमधील वैद्य व रक्तविकारांचे अभ्यासक होते. नाक, हिरड्या, आतडी आणि गर्भाशय यांच्या श्लेष्मकलेतून दीर्घकाळ रक्त वाहत राहणाऱ्या एका आनुवंशिक विकाराचे वर्णन त्यांनी १९२६ मध्ये केले. आनुवंशिक रक्तस्रावी विकारांपैकी सर्वाधिक आढळणारा हा विकार ‘फॉन विलेब्रांड विकार’ या नावाने ओळखला जातो.

जीवन

त्यांचा जन्म वासा या किनारी शहरात झाला. फिनलंड तेव्हा रशियन साम्राज्याचा भाग होता. वडील अभियंता होते. बालपणी त्यांना वनस्पती, फुलपाखरे व पक्षी यांच्या निरीक्षणाची आवड होती. हेलसिंकी येथे वैद्यकशास्त्राचे शिक्षण पूर्ण केल्यावर १८९९ मध्ये त्यांनी डॉक्टरेट मिळवली. मोठ्या रक्तस्रावानंतर रक्तात होणारे बदल हा त्यांच्या प्रबंधाचा विषय होता. १९०८ पासून निवृत्तीपर्यंत ते हेलसिंकीतील डीकनेस रुग्णालयाच्या वैद्यक विभागाचे प्रमुख होते. मधुमेहातील बेशुद्धावस्थेवर इन्सुलिनचा वापर करणाऱ्या सुरुवातीच्या वैद्यांत त्यांची गणना होते.

ओलांड बेटांवरील कुटुंब

ओलांड बेटसमूहातील फोग्लो येथील पाच वर्षांच्या एका मुलीला तपासणीसाठी त्यांच्याकडे आणण्यात आले. तिच्या काही बहिणी रक्तस्रावामुळे बालपणीच दगावल्या होत्या. फॉन विलेब्रांड यांनी तिच्या नातलगांची माहिती घेतली. ६६ व्यक्तींपैकी २३ जणांत रक्तस्रावाची प्रवृत्ती दिसली आणि त्यांत स्त्रियांची संख्या अधिक होती.

हिमोफिलिया प्रामुख्याने पुरुषांत आढळतो व त्यात सांध्यांत रक्त साठते. या कुटुंबात मात्र श्लेष्मकलेतील रक्तस्राव प्रमुख होता. बिंबाणूंची (प्लेटलेट) संख्या आणि रक्त साकळण्याचा काळ सामान्य असूनही रक्तस्राव थांबण्यास फार वेळ लागत असे. यावरून हा वेगळा विकार आहे, असे त्यांनी ओळखले आणि त्याला ‘आनुवंशिक छद्म-हिमोफिलिया’ असे नाव दिले. बिंबाणूंचे कार्य व केशवाहिन्यांची भित्ती यांत दोष असावा, असे त्यांचे मत होते. १९३३ मध्ये जर्मन वैद्य रुडोल्फ युर्गेन्स यांच्यासह त्यांनी या दिशेने आणखी संशोधन केले. तपासणीसाठी आलेली ती मुलगी तेराव्या वर्षी मासिक पाळीतील रक्तस्रावाने मरण पावली.

कारणाचा शोध

विकाराचे खरे कारण फॉन विलेब्रांड यांच्या हयातीत समजले नाही. १९५७ मध्ये इंगा मारी निल्सन व त्यांच्या सहकाऱ्यांनी ओलांडमधील रुग्णांची पुन्हा तपासणी केली. रक्तद्रवापासून तयार केलेला एक घटक टोचल्यावर रक्तस्राव लवकर थांबू लागला. बिंबाणू स्वतः निर्दोष होते. त्यांना जखमेशी चिकटवणारे प्रथिन रक्तद्रवात कमी किंवा सदोष होते. त्यालाच पुढे ‘फॉन विलेब्रांड घटक’ असे नाव मिळाले. बर्नार–सुलिये या आनुवंशिक बिंबाणू-विकारात याउलट स्थिती असते: प्रथिन चांगले असते, परंतु ते पकडणारा बिंबाणूवरील ग्राही सदोष असतो. त्यामुळे दोन्ही विकारांची लक्षणे सारखी दिसतात.

आतड्यातील रक्तस्राव

या विकाराच्या तीव्र प्रकारांत, तसेच प्रथिनाचे मोठे रेणू नसलेल्या प्रकारांत, आतड्याच्या भित्तीत नाजूक व विकृत रक्तवाहिन्या तयार होऊ शकतात. हे प्रथिन नव्या रक्तवाहिन्यांच्या वाढीवरही नियंत्रण ठेवते, हे त्याचे एक कारण मानले जाते. अशा वाहिन्यांतून वारंवार रक्त जाते, विशेषतः उतारवयात. काळी शौचास होणे किंवा लोहाच्या कमतरतेचा पांडुरोग हीच कधीकधी त्याची खूण असते. उपचारात एंडोस्कोपी, लोह आणि उणे प्रथिन शिरेतून देणे यांचा समावेश होतो. ॲस्पिरिनसारखी औषधे अशा रुग्णांनी वैद्यकीय सल्ल्याशिवाय घेऊ नयेत.

फॉन विलेब्रांड यांचे निधन १९४९ मध्ये दक्षिण फिनलंडमधील पेर्नो येथे झाले.