फ्रांस्वा कोटी

फ्रांस्वा कोटी (मूळ नाव: जोसेफ मारी फ्रांस्वा स्पोतुर्नो, जन्म: ३ मे, इ.स. १८७४, आजाक्सियो, कॉर्सिका. मृत्यू: २५ जुलै, इ.स. १९३४, लूव्हसिएन, फ्रान्स) हे फ्रेंच सुगंधकार, उद्योजक आणि वृत्तपत्रमालक होते. इ.स. १९०४ मध्ये त्यांनी स्थापन केलेली कोटी ही संस्था पुढे जगातील मोठ्या सौंदर्यप्रसाधन कंपन्यांपैकी एक झाली. आधुनिक सुगंध उद्योगाच्या प्रवर्तकांमध्ये त्यांची गणना होते.

सुगंधाइतकेच महत्त्व त्याची बाटली, नाव, पेटी आणि त्याच्याभोवतीची कथा यांना देणारी विक्रीपद्धती कोटी यांनी रूढ केली. उंची परफ्यूमच्या जाहिरातीतील दावे कितपत खरे, हा सुगंधप्रेमींचा आजचा आवडता वाद आहे. त्या वादाचे बहुतेक धागे कोटी यांच्या चरित्रात आधीच सापडतात.

प्रारंभिक जीवन

स्पोतुर्नो हे कॉर्सिका बेटावरील जुने घराणे. नेपोलियन बोनापार्टच्या कुळाशी आपले नाते असल्याचे हे घराणे सांगत असे आणि कोटी यांनाही त्याचा अभिमान होता. त्यांच्या वडिलांचे नाव जाँ-बातिस्त स्पोतुर्नो, तर आईचे माहेरचे आडनाव कोती असे होते. लहानपणीच आईवडिलांचे छत्र हरपल्यामुळे त्यांचे संगोपन प्रथम पणजीने व तिच्या पश्चात मार्सेय येथे राहणाऱ्या आजीने केले. त्यांचे शालेय शिक्षण बेताचेच झाले आणि रसायनशास्त्राचे औपचारिक शिक्षण त्यांना कधीच मिळाले नाही.

लष्करी सेवेनंतर त्यांचा परिचय एमान्युएल आरेन या कॉर्सिकन राजकारणी व लेखकाशी झाला. आरेन यांनी त्यांना पॅरिसमध्ये आपले सचिव म्हणून नेमले. इ.स. १९०० मध्ये इव्हॉन ल बारों यांच्याशी त्यांचा विवाह झाला. रेमों गोएरी या औषधविक्रेत्या मित्राच्या दुकानात कोलोन तयार होत असे. तेथे मिश्रणे करून पाहत असताना आपल्या नाकाच्या तीक्ष्णतेची जाणीव स्पोतुर्नो यांना झाली. व्यवसायासाठी त्यांनी आईच्या आडनावाला फ्रेंच वळण देऊन कोटी हे नाव धारण केले. पुढे बाटलीबाटलीवर झळकलेले हे नावही अशा रीतीने मुद्दाम घडवलेले होते.

ग्रासमधील शिक्षण

दक्षिण फ्रान्समधील ग्रास हे गाव मोगऱ्याच्या जातकुळीतील जाई व गुलाब यांच्या लागवडीसाठी आणि त्यांपासून सुगंधी अर्क काढण्याच्या धंद्यासाठी प्रसिद्ध होते. आरेन यांच्या ओळखीमुळे कोटी यांना तेथील शिरिस कुटुंबाच्या कारखान्यात प्रवेश मिळाला व सुमारे वर्षभर त्यांनी कच्च्या मालाचा अभ्यास केला. बाष्पनशील द्रावकाच्या साहाय्याने फुलांचा अर्क काढण्याची त्या काळी नवी असलेली पद्धत शिरिस यांच्या कारखान्यात वापरात आली होती. या पद्धतीने मिळणारा अर्क जुन्या चरबीच्या पद्धतीपेक्षा अधिक ताजा आणि तीव्र असे.

मराठी वाचकास परिचित असलेले पारंपरिक अत्तर आणि कोटी यांचे परफ्यूम यांत मूलभूत फरक आहे. पारंपरिक अत्तरात फुलांची वाफ चंदनाच्या तेलात उतरवली जाते आणि त्यात मद्यार्क नसतो. युरोपीय परफ्यूम मात्र अनेक अर्क व रसायने मद्यार्कात विरघळवून केलेली रचना असते. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात प्रयोगशाळेत तयार झालेल्या सुगंधी रसायनांमुळे या रचनेची व्याप्ती वाढली. इ.स. १८६८ मध्ये विल्यम पर्किन यांनी कृत्रिम कुमारिन तयार केले आणि इ.स. १८९३ मध्ये व्हायोलेट फुलांसारखा वास असलेले आयोनोन उपलब्ध झाले. अनेक प्रतिष्ठित सुगंधकार अशा द्रव्यांकडे साशंकतेने पाहत असताना कोटी यांनी नैसर्गिक अर्क व कृत्रिम द्रव्ये यांचा निःसंकोचपणे मेळ घातला.

फुटलेल्या बाटलीची कथा

इ.स. १९०४ मध्ये कोटी यांनी ला रोझ जाकमिनो हा पहिला महत्त्वाचा सुगंध तयार केला. जनरल जाकमिनो या गडद लाल गुलाबाच्या वाणावरून त्याला हे नाव देण्यात आले होते. पॅरिसमधील न्हावी, छोटी दुकाने आणि मोठी भांडारे यांच्याकडे त्यांनी खेटे घातले, परंतु फारसे यश आले नाही.

यापुढील प्रसंग सुगंधाच्या इतिहासात सर्वाधिक सांगितला जाणारा आहे. ग्राँ मागासँ द्यु लूव्र या भांडारात नकार मिळाल्यावर कोटी यांच्या हातून बाटली निसटून फुटली, सुगंध सर्वत्र दरवळला, खरेदीस आलेल्या स्त्रिया गोळा झाल्या आणि काही मिनिटांतच जवळचा सारा माल विकला गेला, असे म्हणतात. काही कथनांनुसार बाटली अपघाताने पडली. काहींच्या मते कोटी यांनी ती रागाने आपटली. काहींनी तर हा पूर्वनियोजित देखावा होता आणि गर्दीतील काही स्त्रिया त्यांच्या ओळखीच्या होत्या, असेही म्हटले आहे.

ही कथनभिन्नताच बोलकी आहे. घटना जशी घडली असेल तशी असो, तिचे कथेत रूपांतर होऊन ती वर्षानुवर्षे सांगितली गेली आणि तिचा लाभ कोटी यांच्या नावास मिळत राहिला. तथापि केवळ कथेमुळे ग्राहक दुसऱ्यांदा येत नाही. ला रोझ जाकमिनोची मागणी टिकून राहिली आणि कोटी अल्पावधीत श्रीमंत झाले.

प्रमुख सुगंधरचना

इ.स. १९०५ मधील लोरिगाँ ही फुले, मसाले आणि भुकटीसारखा कोरडा गोडवा यांचे मिश्रण असलेली रचना अतिशय लोकप्रिय ठरली. पुढे आंब्र आंतीक, एमरोद (इ.स. १९२१) व लेमाँ (इ.स. १९२७) हे सुगंध बाजारात आले. लेमाँच्या रचनेचे श्रेय व्हाँसाँ रूबेर यांना दिले जाते.

कोटी यांची सर्वांत प्रभावी रचना म्हणजे इ.स. १९१७ मधील शिप्र. शिप्र हे सायप्रस बेटाचे फ्रेंच नाव असून या नावाची सुगंधी मिश्रणे युरोपात आधीपासून होती. त्यामुळे हा प्रकार कोटी यांनी शून्यातून निर्माण केला, असे म्हणता येत नाही. परंतु त्यांनी त्याला इतके सुस्पष्ट रूप दिले की शिप्र हे एका सुगंधकुळाचेच नाव झाले. आरंभी बर्गमॉट या लिंबूवर्गीय फळाचा तजेला, मध्ये जाई व गुलाब आणि तळाशी लॅबडॅनम राळ, पाच (पॅचुली) व ओकमॉस, असा त्याचा आराखडा आहे. ओकमॉस ही ओक वृक्षाच्या सालीवर वाढणारी शैवाक वनस्पती असून मराठी स्वयंपाकघरातील गोड्या मसाल्यात पडणारे दगडफूल तिच्याच कुळातील आहे. तिच्यामुळे सुगंधास ओलसर अरण्याची खोली येते. गेर्लां या संस्थेचा मित्सुको (इ.स. १९१९) हा गाजलेला सुगंध याच आराखड्यावर उभा आहे.

बाटली, किंमत आणि जाहिरात

कोटी यांच्यापूर्वी परफ्यूम बहुधा साध्या, औषधाच्या वाटाव्यात अशा बाटल्यांत मिळत असे. प्लास व्हाँदोम येथील कोटी यांच्या दुकानाशेजारीच रेने लालिक या रत्नकाराचे दुकान होते. कोटी यांनी लालिक यांना प्रथम लेबले व नंतर बाटल्या घडवण्यास सांगितले. इ.स. १९०८ च्या सुमारास तयार झालेली लेफ्लर या सुगंधाची बाटली या सहकार्याचे आरंभीचे फळ होय. साच्यात काच दाबून नक्षीदार बाटल्या मोठ्या संख्येने घडवणे शक्य झाल्यामुळे रत्नकाराची कलाकुसर मध्यमवर्गीय स्त्रीच्या टेबलावर पोहोचली. लालिक स्वतः पुढे काचशिल्पकार म्हणून ख्यातकीर्त झाले.

उत्तम द्रव्य, मोहक वेष्टन आणि परवडणारी किंमत यांचा संगम झाला तर अपूर्व व्यापार घडतो, हे कोटी यांचे सूत्र होते. एकच सुगंध त्यांनी लहानमोठ्या आकारांच्या बाटल्यांत उपलब्ध केला. त्याच सुगंधाची पावडर, साबण आणि भेटपेट्याही काढल्या. मोठी बाटली न परवडणाऱ्या ग्राहकास छोट्या बाटलीतून तोच थाट अनुभवता येई.

याउलट मार्ग जाँ पातू यांनी स्वीकारला. ज्वा हा त्यांचा सुगंध इ.स. १९३० मध्ये, जागतिक मंदीच्या ऐन काळात, जगातील सर्वांत महाग परफ्यूम म्हणून विकला गेला. एका लहान बाटलीसाठी १०,६०० जाईची फुले आणि २८ डझन गुलाब लागतात, असा त्याचा दावा होता. येथे किंमत हीच जाहिरात होती. आजच्या उंची परफ्यूमच्या जाहिरातीत कोटी यांची बाटली आणि पातू यांची फुलांची मोजदाद हे दोन्ही प्रवाह एकत्र आलेले दिसतात.

उद्योगाचा विस्तार

पॅरिसजवळील स्युरेन येथे कोटी यांनी सुगंधनगरी या नावाने ओळखला जाणारा कारखान्यांचा समूह उभारला. काच, पेट्या व वेष्टने यांचे उत्पादन आपल्या नियंत्रणात ठेवण्यावर त्यांचा भर होता. पहिल्या महायुद्धानंतर मायदेशी परतणाऱ्या अमेरिकन सैनिकांनी फ्रेंच परफ्यूम भेट म्हणून सोबत नेले आणि अमेरिकेत मागणी वाढली. तयार मालावरील जबर आयातकर टाळण्यासाठी कोटी यांनी सुटे घटक पाठवून ते न्यू यॉर्क येथे एकत्र करण्याची व्यवस्था केली. मालाची जुळणी अशा प्रकारे अमेरिकेत होऊ लागली, तरी विक्री पॅरिसच्या नावावरच होत असे.

विक्रीचे दावे आणि सुगंधप्रेमी

परफ्यूमचे सूत्र हे व्यापारी गुपित मानले जाते. जाहिरातीत दिलेली सुगंधांची यादी ही घटकांची यादी नसते. व्हायोलेटचा उल्लेख असलेल्या बाटलीत व्हायोलेटचे एकही फूल नसू शकते, कारण तो आभास आयोनोन निर्माण करते. दुर्मीळ लाकूड, पहाटे खुडलेली फुले, राजघराण्याचे जुने सूत्र अशा दाव्यांची शहानिशा करण्याचे साधन सामान्य ग्राहकाकडे नसते.

यामुळे दर्दी सुगंधप्रेमींनी स्वतःची परीक्षापद्धती विकसित केली आहे. कागदी पट्टीवर व त्वचेवर सुगंध लावून तो तासातासाने कसा बदलतो याची ते नोंद ठेवतात. जुन्या व नव्या बाटल्या शेजारी ठेवून तुलना करतात. नैसर्गिक म्हणजे श्रेष्ठ आणि कृत्रिम म्हणजे हलके, ही जाहिरातीने पसरवलेली समजूत त्यांपैकी अनेकांना मान्य नसते. कोटी यांचे सुगंध कृत्रिम द्रव्यांच्या कुशल वापरामुळेच वेगळे ठरले, हा दाखला या संदर्भात दिला जातो.

सर्वाधिक नाराजी असते ती नाव व बाटली तशीच ठेवून आतील सूत्र बदलण्याबद्दल. ओकमॉसमधील अट्रानॉल व क्लोरोअट्रानॉल या घटकांमुळे काहींच्या त्वचेस ॲलर्जी होते. युरोपीय संघाने इ.स. २०१७ च्या नियमाद्वारे या दोन घटकांवर बंदी घातली. त्यामुळे शिप्र कुळातील सुगंधांना मूळ रूपात राहणे कठीण झाले. आरोग्याच्या दृष्टीने हा बदल समर्थनीय असला, तरी जाहिरातीतून मात्र अखंड परंपरेचा दावा चालूच राहतो. सुगंधप्रेमींचा आक्षेप मुख्यतः या विसंगतीवर असतो.

वृत्तपत्रे आणि राजकारण

संपत्तीच्या बळावर कोटी यांनी राजकारणात प्रवेश केला. इ.स. १९२२ मध्ये त्यांनी ल फिगारो या प्रतिष्ठित दैनिकावर ताबा मिळवला. इ.स. १९२३ मध्ये ते कॉर्सिकातून सिनेटवर निवडून आले, परंतु ती निवड रद्द ठरवण्यात आली. इ.स. १९२८ मध्ये त्यांनी लामी द्यू पप्ल हे अत्यंत स्वस्त दैनिक सुरू केले. परवडणाऱ्या किमतीचे आपले व्यापारी सूत्र त्यांनी येथेही वापरले आणि प्रस्थापित वृत्तपत्रांशी त्यांचा संघर्ष झाला. इ.स. १९३१ मध्ये ते आजाक्सियोचे महापौर झाले.

त्यांचे राजकारण साम्यवादविरोधी, अतिउजवे आणि ज्यूद्वेषी होते. त्यांनी अशा अनेक संघटनांना पैसा पुरवला आणि इ.स. १९३३ मध्ये सोलिदारिते फ्रांसेज ही फासिस्ट धाटणीची संघटना स्थापन केली. सुगंधाच्या क्षेत्रातील त्यांच्या कर्तृत्वाचा गौरव करताना ही बाजू वगळली जाते. परंतु परफ्यूमच्या विक्रीतून आलेला पैसाच या प्रचारामागे होता, म्हणून ती त्यांच्या चरित्राचा अविभाज्य भाग आहे.

अखेरचा काळ व मृत्यू

आर्तिन्यी येथील जुना वाडा पाडून उभारलेला प्रासाद, लूव्हसिएन येथील मादाम द्यु बारी यांच्या ऐतिहासिक मंडपाची पुनर्रचना, तोट्यातील वृत्तपत्रे व राजकीय देणग्या यांवर त्यांचा अफाट खर्च झाला. इ.स. १९२९ मध्ये पत्नीशी घटस्फोट झाला. ठरलेली रक्कम देणे त्यांना न जमल्यामुळे त्यांच्या मालमत्तेचा मोठा भाग, वृत्तपत्रांसह, इव्हॉन यांच्याकडे गेला. जागतिक मंदीने उरलेली घडी विस्कटली. २५ जुलै, इ.स. १९३४ रोजी वयाच्या साठाव्या वर्षी लूव्हसिएन येथे त्यांचे निधन झाले.

वारसा

कोटी कंपनी इ.स. १९६३ मध्ये फायझर या औषधकंपनीने व इ.स. १९९२ मध्ये बेंकिझर या जर्मन संस्थेने विकत घेतली. कंपनीचे नाव आजही जगभर चालते, मात्र संस्थापकाचे बहुतेक मूळ सुगंध दुकानांत मिळत नाहीत. व्हर्साय येथे इ.स. १९९० मध्ये सुरू झालेल्या ऑस्मोतेक या सुगंधसंग्रहालयात शिप्रसह त्यांच्या काही रचना जुन्या सूत्रांनुसार पुन्हा तयार करून थंड व अंधाऱ्या जागी जपल्या आहेत. तेथे त्या लालिकच्या बाटलीविना, किमतीविना व जाहिरातीविना केवळ वासावरून पारखता येतात. सुगंधाचे अभ्यासक कोटी यांच्या कथांविषयी साशंक असले, तरी नव्या परफ्यूमचे वर्गीकरण करताना शिप्र हा शब्द ते आजही वापरतात.